‘गरीब’ मूल : गुंगीची औषधे आणि अपत्याची वाढ ह्यांच्या इतिहासातील एक शब्दप्रश्न

१

तान्हे मूल पाहावयास आलेल्या एखाद्या पोक्त बाईला ते रडत नाही, किरकिर करीत नाही, दूध पिऊन निमूटपणे झोपते असे दिसले, की ती आईला म्हणते, ‘लेकरू लई गरीब हाय.’ जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत हे वाक्य नित्याचे आहे. ‘लेकरू’च्या जागी ‘बाळ’ आणि ‘लई’च्या जागी ‘अगदी’ घातले की ते पुण्यामुंबईकडेही चालते. ह्या वाक्यात मुलाच्या सांपत्तिक स्थितीचा निर्देश नसतो, त्याच्या गुणाची वाखाणणी असते. ‘गरीब’ हा मूळचा अरबी शब्द. तेथे त्याचा अर्थ ‘परका, परदेशी’ असा आहे. फार्सीच्या वाटेने तो इकडे आला आणि मराठीत त्यास ‘निर्धन’ व ‘निरुपद्रवी, सालस’ असे दोन अर्थ चिकटले. ज्याच्याजवळ काही नाही तो कोणास त्रासही देत नाही, ही समजूत ह्या दोन अर्थांना जोडणारा दुवा असावा.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा गर्भावस्थेत मातेने घेतलेल्या किंवा तिला दिल्या गेलेल्या शामक द्रव्यांचा अपत्याच्या वाढीवर काय परिणाम होतो, ह्या विषयाची वैद्यकीय मीमांसा करण्याचा अधिकार तो सांगत नाही. परंतु ह्या विषयाच्या इतिहासात एक प्रश्न असा आहे, की तो भाषेच्या अभ्यासकानेच विचारावयास हवा. गुंगीच्या औषधांनी मुलांना होणारा अपाय इतक्या उशिरा का दिसला? आमचे उत्तर थोडक्यात असे आहे : ह्या औषधांचा पहिला दृश्य परिणाम म्हणजे मुलाचे शांत असणे, आणि शांत असणे हा आपण दोष मानीत नसून गुण मानतो. जे लक्षण म्हणून नोंदले जावयाचे, त्याचा आपण गौरव केला. पुढील विवेचन ह्या विधानाच्या समर्थनार्थ आहे.

आरंभीच एक मर्यादा सांगितली पाहिजे. मद्य, अफू, बार्बिट्युरेट गटातील औषधे आणि थॅलिडोमाइड ही द्रव्ये रसायनदृष्ट्या परस्परांहून भिन्न आहेत व त्यांचे परिणामही भिन्न आहेत. माणसास शांत करणे वा गुंगी आणणे, एवढ्याच कार्यामुळे ती येथे एकत्र आली आहेत.

२

गर्भिणीच्या आहारविहाराचा अपत्याच्या मनावर परिणाम होतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या, म्हणजे ‘जातिसूत्रीय’ अध्यायात गर्भास अपाय करणाऱ्या गोष्टींची एक यादी आली आहे. मातेची प्रत्येक अतिरेकी सवय आणि तीमुळे अपत्यात उद्भवणारा दोष अशी तीत जोडी लावलेली आहे. नित्य मद्य घेणाऱ्या स्त्रीचे अपत्य सतत तहानलेले, स्मरणशक्तीने उणे अथवा अस्थिर चित्ताचे होते, असे तेथे सांगितले आहे. सदा झोपून राहणाऱ्या स्त्रीचे अपत्य सुस्त, बुद्धीने मंद अथवा मंदाग्नी होते, असेही म्हटले आहे.

ह्या यादीतील सर्वच जोड्या आजच्या कसोटीस उतरतात असे मुळीच नाही. गोड फार खाल्ल्याने मूल मुके होऊ शकते, असे सांगणारी जोडीही तीतच आहे. तेव्हा मद्याविषयीचे एक विधान उचलून ‘आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होते’ असा डंका पिटणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. मद्याच्या बाबतीत ह्या ग्रंथाने पाहिलेला दोष शरीराच्या व्यंगाचा नसून स्मृतीचा व चित्ताचा आहे. जन्मतः धडधाकट दिसणाऱ्या मुलातही गर्भावस्थेतील अपाय दडलेला असू शकतो, हा विचार करण्याची जागा त्या काळच्या भाषेत होती. मद्यामुळे गर्भास होणाऱ्या हानीचे ‘फीटल आल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव पाश्चात्त्य वैद्यकात १९७३ मध्ये रूढ होऊ लागले, हे येथे ध्यानात घ्यावे.

चरकाच्या यादीत अफू नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती पुष्कळच उशिरा, शार्ङ्गधरसंहितेच्या सुमारास, ‘अहिफेन’ ह्या नावाने येते. हे नावच तिच्या परकेपणाची साक्ष आहे. ग्रीक ‘ओपियॉन’, म्हणजे वनस्पतीचा रस, ह्याचे अरबीत ‘अफ्यून’ झाले. आणि त्या ध्वनींस संस्कृत वेष चढवून ‘सापाचा फेस’ असा अर्थ काढण्यात आला. परका शब्द ओळखीच्या शब्दांच्या साच्यात बसवून घेण्याचा हा प्रकार भाषेच्या इतिहासात सर्वत्र आढळतो. मराठीने मात्र सापाचे भय पत्करले नाही. तिने ‘अफू’ हे सुटसुटीत रूप ठेवले, बियांना ‘खसखस’ म्हटले आणि फळास ‘बोंड’ म्हटले. कापसाच्या प्रदेशात, म्हणजे आपल्या जालन्याच्या बाजूस, ‘बोंड’ म्हटल्यावर आज कोणाच्या मनात अफू येणार नाही.

३

अफू लहान मुलांपर्यंत पोचली ती औषध म्हणून. खोकला, जुलाब आणि पोटदुखी ह्यांवर तिचा गुण खराच होता. जुलाब थांबवणारे व वेदना कमी करणारे दुसरे स्वस्त औषध जेथे नव्हते, तेथे तिचा आश्रय करणाऱ्या आईस अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच औषधाने मूल झोपतेही. आणि हळूहळू हा दुसरा उपयोगच मुख्य झाला. मुंबईकडे ह्या गोळीस ‘बाळगोळी’ म्हणत. ‘बाळकडू’, ‘बाळघुटी’, ‘बाळगोळी’ असे हे शब्द एका ओळीत मांडले, म्हणजे नावाची किमया कळून येते. पहिल्या दोहोंनी घरगुती वात्सल्याचा जो वास आणला आहे, तो तिसऱ्यासही आपोआप लाभतो. नावात अफूचा उल्लेखही उरत नाही.

ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी ह्यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयी एक राजआयोग नेमला. त्याचा अहवाल १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वरसिंह आणि हरिदास विहारीदास देसाई हे त्याचे दोन हिंदी सभासद होते. मध्यम प्रमाणातील अफूसेवनाने हिंदुस्थानात गंभीर हानी होत नाही व बंदीची आवश्यकता नाही, असा आयोगाचा एकंदर निष्कर्ष निघाला. सभासदांपैकी हेन्री विल्सन ह्यांनी त्याविरुद्ध आपले मत नोंदवले. चीनला जाणारी माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जात असे आणि सरकारच्या महसुलात अफूचा वाटा मोठा होता, ही पार्श्वभूमी ह्या निष्कर्षाच्या मागे होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच. अफूच्या व्यसनाचा विचार प्रामुख्याने प्रौढ पुरुषाच्या संदर्भात झाला. तो काम करतो की नाही, गुन्हे करतो की नाही, त्याचे शरीर खंगते की नाही, अशा मोजमापांत निजलेल्या मुलास स्थान मिळणे कठीणच होते.

ते स्थान मिळाले १९२२ मध्ये. मुंबईतील गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी सुमारे ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांच्या अहवालात नमूद झाले. पुढे हा आकडा कामगारविषयक लिखाणात वारंवार आला. आकड्याच्या काटेकोरपणाविषयी शंका घेता येईल. परंतु प्रथा अपवादात्मक नसून सार्वत्रिक होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

कारणही उघड होते. आई दिवसभर गिरणीत असे. मूल एक तर चाळीतील खोलीत म्हातारीच्या किंवा मोठ्या बहिणीच्या हवाली असे, नाही तर गिरणीतच एखाद्या कोपऱ्यात निजवलेले असे. दोन्ही ठिकाणी त्याने रडून चालण्यासारखे नव्हते. तेव्हा अफूची गोळी ही आईच्या अज्ञानाची नव्हे, गिरणीच्या भोंग्याची निपज होती. ज्यांनी हे ओळखले त्यांनी उपदेशाऐवजी कायद्याचा मार्ग धरला. मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिविषयक सवलतींचे विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा देणारे भाषण केले. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर आईस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. मुलाच्या झोपेचा प्रश्न औषधाच्या डबीतून निघून कायद्याच्या कलमात आला, तो असा.

हे सर्व मुंबई इलाख्यातले. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ पर्यंत ते तेथेच राहिले, आणि स्वतंत्र जिल्हा म्हणून ते १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले. मुंबईचे कायदे व मुंबईच्या चौकश्या ह्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. म्हणून मुंबईचा आकडा उचलून मराठवाड्यावर बसवणे गैर होईल. भाषा एक, म्हणून इतिहास एक, असे होत नाही.

४

बाळगोळीचा हा इतिहास जन्मानंतरचा आहे. जन्मापूर्वीचे काय? अफूतील मॉर्फिन वारेतून गर्भाकडे जाते, हे आता सर्वमान्य आहे. गर्भिणी अफूस सवकलेली असेल तर गर्भही सवकतो. जन्माबरोबर नाळ तुटते आणि पुरवठाही तुटतो. मग एकदोन दिवसांत ते मूल थरथरू लागते, दूध धड ओढीत नाही, आणि कर्कश आवाजात अखंड रडू लागते. १९७५ मध्ये लॉरेटा फिनेगन ह्यांनी ह्या लक्षणांचे मोजमाप करण्याची पद्धत घालून दिली, व पुढे ती जगभर वापरात आली.

आता हे दोन इतिहास जोडून पाहावेत. अशा मुलाचे रडणे ज्या वस्तूने तत्काळ थांबेल ती वस्तू म्हणजे अफूच. ज्या घरात आईच अफू घेत असेल, त्या घरात बाळगोळीने मूल ‘गरीब’ झाले तर गोळीचा गुणच सिद्ध झाला असे वाटणार. रडणे हा रोग आणि गुंगी हे आरोग्य, असा उलटा हिशेब तेथे पक्का होतो. गिरणीतील किती घरांत असे घडले, हे सांगण्याचा येथे हेतू नाही. हे घडण्याची यंत्रणा काय असेल, एवढेच दाखवावयाचे आहे.

पाश्चात्त्य देशांतील सुशिक्षित इस्पितळांतही ही दृष्टी फारशी निराळी नव्हती, हे सांगितले नाही तर आपण आपल्याच माणसांवर अन्याय करू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसूतीच्या वेळी आईस गुंगीची औषधे देण्याची चाल तेथे फार बोकाळली होती. जन्मलेले मूल सुस्त असले तर ते ‘झोपाळू’ आहे म्हणून सोडून देत. १९५३ मध्ये व्हर्जिनिया अपगार ह्यांनी नवजाताची नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनास प्रतिसाद व रंग अशा पाच गोष्टींस गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अपगार ह्या भूलतज्ज्ञ होत्या, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. आईस दिलेल्या भुलीचा मुलावर काय परिणाम झाला, हे पाहण्याची त्यांना गरज होती. त्यांच्या मोजणीत मूल जोराने रडले तर त्यास अधिक गुण मिळतात. शतकानुशतके जे अवगुण म्हणून गणले गेले होते ते येथे प्रथमच गुण म्हणून मांडले गेले. १९६१ मध्ये ब्रॅझल्टन ह्यांनी असे दाखवले, की प्रसूतीत जास्त औषध मिळालेल्या मातांची मुले स्तनपानास एकदोन दिवस उशिरा नीट लागतात.

त्याच वर्षी थॅलिडोमाइडचे प्रकरण उघडकीस आले. १ ऑक्टोबर १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकले जाणारे हे झोपेचे औषध पुढे चाळीसहून अधिक देशांत पोचले. प्रयोगातील उंदरांना कितीही मात्रा दिली तरी ते मरत नाहीत, म्हणून ते निर्धोक मानले गेले. गर्भिणींनाही ते मळमळीवर व निद्रानाशावर दिले गेले. ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड आणि जर्मनीत लेंझ ह्यांनी १९६१ मध्ये धोक्याची सूचना दिली व नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत औषध मागे घेण्यात आले. तोवर सुमारे दहा हजार मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी ह्या अधिकारी स्त्रीने पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तो देश पुष्कळसा वाचला.

थॅलिडोमाइडमुळे जगाचे डोळे उघडले, हे खरे. पण ते व्यंग डोळ्यांना दिसणारे होते म्हणून उघडले. तेच औषध हात शाबूत ठेवून केवळ स्मरणशक्ती कमी करणारे असते, तर लेंझ ह्यांना ते दिसले असते काय? हा प्रश्न त्याच सुमारास काही मानसशास्त्रज्ञांनी विचारला. वेरबॉफ ह्यांनी गाभण उंदरांच्या माद्यांना रिझर्पिन, क्लोरप्रोमाझिन, मेप्रोबमेट अशी शामके देऊन त्यांच्या पिलांचे वर्तन तपासले. पिले दिसण्यात निर्दोष होती, परंतु त्यांच्या वर्तनात फरक पडलेला होता. १९६३ मध्ये ह्या अभ्यासशाखेस वर्तनविषयक विकृतिशास्त्र अशा अर्थाचे नाव मिळाले. चरकाच्या यादीत जी जागा होती, ती आधुनिक शास्त्राच्या परिभाषेत पुन्हा निर्माण झाली. आता मात्र तीत प्रयोगाची अट होती.

५

माणसांविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा पुढे डेन्मार्कमधून आला. कोपनहेगन येथे १९५९ ते १९६१ ह्या काळात जन्मलेल्या मुलांच्या जन्मनोंदी तपशीलवार ठेवलेल्या होत्या. ज्यांच्या मातांना अपस्मार नव्हता, पण अन्य कारणांसाठी गरोदरपणी फिनोबार्बिटल दिले गेले होते, अशा पुरुषांची ते प्रौढ झाल्यावर बुद्धिमापन-चाचणी घेण्यात आली. राइनिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ह्या पुरुषांची शाब्दिक बुद्धिमत्ता अपेक्षेपेक्षा सुमारे सात गुणांनी कमी भरली. शेवटच्या तीन महिन्यांत औषध मिळालेल्यांत ही उणीव अधिक होती. तसेच ज्यांची घरची स्थिती हलाखीची होती आणि ज्यांचा जन्म आईबापांस नको असताना झाला होता, त्यांच्यात हानीचे प्रमाण वाढलेले दिसले.

ह्या शेवटच्या निष्कर्षापाशी थोडे थांबले पाहिजे. औषध एकच, परंतु गरिबाच्या घरी त्याने अधिक नुकसान केले. संपन्न घरात गोष्टी सांगणारे, प्रश्नांना उत्तरे देणारे माणूस असते, पोटभर अन्न असते. तेथे गेलेले काही भरून निघत असावे. जेथे भरून काढण्याचे साधन नाही तेथे उणीव तशीच राहते. ‘गरीब’ शब्दाचे आपण आरंभी पाहिलेले दोन्ही अर्थ, निर्धन आणि निमूट, येथे एका मुलाच्या ठिकाणी एकत्र येतात. आणि ह्या वेळी त्यांना जोडणारा दुवा समजुतीचा नसून औषधाचा आहे.

हानी शाब्दिक बुद्धिमत्तेत दिसली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी तरी दुर्लक्षू नये. आपल्या देशात ह्या दिशेचे उल्लेखनीय काम केरळात झाले आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भिणींची नोंदवही ठेवली जाते. तेथील अभ्यासकांनी ह्या मातांच्या मुलांची बुद्धिमत्ता व भाषाक्षमता तपासून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. इतर मुलांच्या तुलनेत ती दोन्ही बाबतींत मागे असल्याचे दिसले. आणि आईस एकाहून अधिक औषधे चालू असतील तर हे मागे पडणे जास्त होते. भाषाक्षमता त्यांनी मलयाळम भाषेतील कसोटीने मोजली. मुलाची भाषा त्याच्या मातृभाषेतच मोजावी लागते. मराठवाड्यातील मुलाची भाषा मोजावयाची तर कसोटीतील शब्द त्याच्या घरात बोलले जाणारे हवेत. ‘लेकरू’, ‘लई’, ‘हाय’ म्हणणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीची कसोटी लावली तर औषधाची उणीव व बोलीचे वेगळेपण ह्यांची गल्लत होईल, आणि निरोगी मूल मंद ठरेल. हे काम वैद्याने एकट्याने करण्यासारखे नाही. त्यास आपल्या विभागासारख्या विभागांतील बोलीअभ्यासकाची जोड लागेल.

येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे बेजबाबदारपणाचे होईल. अपस्माराचे झटके हेही आई व गर्भ ह्या दोघांस धोकादायक असतात. तेव्हा औषधाने हानी होते असे वाचून कोणी ते परस्पर बंद करणे हा दुसरा अपघात होय. औषध कोणते, किती व केव्हा, हे गर्भधारणेपूर्वीच वैद्याशी बोलून ठरवावे, हाच ह्या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ आहे.

६

शेवटी पुन्हा शब्दाकडे वळू. ‘शामक’ आणि ‘शांत’ हे दोन्ही शब्द ‘शम्’ ह्या एकाच धातूपासून झाले आहेत. मराठीत मूल शांत होते, आग शांत होते, आणि वृद्ध माणूस गेला तरी आदराने ‘ते शांत झाले’ असे म्हणतात. झोप, विझणे आणि मरण ह्यांच्यातील अंतर ह्या एका शब्दात फार थोडे उरले आहे. अफूची मात्रा चुकली तर ते अंतर प्रत्यक्षातही तेवढेच थोडे असे.

जालना जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटे माणूस ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर मिळते, माणसावर नव्हे. ह्या मोजणीच्या भाषेत गरोदर बाईस वेगळा शब्द नाही आणि फडाच्या कडेला झोळीत निजलेल्या मुलास तर शब्दच नाही. ह्या मुलांना कोणी काही गुंगीचे देते, असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु १९२२ साली मुंबईत जो प्रश्न विचारला गेला, तो उसाच्या फडातही विचारण्याजोगा आहे : आई काम करीत असताना मूल कोठे असते, आणि ते रडले तर त्याच्याकडे कोण जाते? गिरणीत ह्या प्रश्नाचे उत्तर आधी गोळीने दिले व मागून पाळणाघराने. दुसरे उत्तर आधी मिळते, तर पहिल्याची गरज पडली नसती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्यावरून एवढे घ्यावे, की मौन हेही साधन आहे. जेथे तक्रार नोंदलेली नाही तेथे दुःख नव्हते असे समजू नये. तक्रार करणाऱ्यास कोणी निजवले होते काय, हे आधी पाहावे. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी पुढच्या खेपेस ‘लेकरू लई गरीब हाय’ असे कोणी म्हणाले, तर ते ऐकून आनंद जरूर मानावा. मात्र ते मूल जागे असताना डोळे भरून पाहते की नाही, हाकेस वळते की नाही, आणि भूक लागल्यावर चांगले ठणठणीत रडते की नाही, एवढे पाहून घ्यावे.